प्रोटीनची चॉकलेट कुकी, चिवट होऊ न देता

पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ असं छापायचं, तर आपल्याकडे त्याला नियम आहे. एफएसएसएआयच्या २०१८ सालच्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमावलीप्रमाणे, घन पदार्थ असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये माणसाच्या रोजच्या शिफारशीच्या निदान २० टक्के प्रोटीन हवं. ही शिफारस आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था करतात. २०२० च्या त्यांच्या तक्त्यात ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम असं माप दिलं आहे. ५४ धरले तर १०० ग्रॅम कुकीत ११ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन भरलं, की झाली ती ‘हाय प्रोटीन’. आकडा ऐकून वाटतो तेवढा अवघड नाही. नुसत्या कणकेतसुद्धा शेकडा ११-१२ ग्रॅम असतंच. पण कुकीत पिठाच्या बरोबरीनं साखर आणि बटर पडतं, त्या दोघांत प्रोटीन नावालाही नाही, त्यामुळे मैद्याची घरगुती कुकी शेकडा पाच-सहा ग्रॅमवर अडकते. तिथून वर चढायचं आहे, आणि तरी खाणाऱ्याला आपण औषध खातोय असं वाटता कामा नये.

सगळ्यांना आधी सुचतो तो रस्ता सरळ असतो: मैदा काढायचा आणि तेवढ्याच मापाची प्रोटीन पावडर घालायची. घरात कुणी जिमला जाणारं असलं की हा प्रयोग एकदा होतोच, आणि निकालही ठरलेला: वरून कोरडी, आतून चिवट, दुसऱ्या दिवशी तर दाताला दाद न देणारी चकती. यात पावडरचा दोष नाही. ती पीठ नाही, आणि तिला पिठाचं काम सांगितलं, एवढाच घोटाळा आहे.

पीठ म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि थोडं ग्लुटेन. स्टार्च कुकीला अंग देतो, ग्लुटेनमुळे ती उचलताना हातात भुगा होत नाही. व्हे प्रोटीनची तऱ्हा निराळी. दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं, ते चीजमध्ये गोळा होतं. उरलेलं २० टक्के म्हणजे व्हे, ते चीज काढल्यावर मागे राहिलेल्या निवळीत उतरतं. (घरी पनीर केल्यावर उरणारं पाणी मात्र या कामाचं नाही. पनीरसाठी आपण दूध उकळतो तेव्हाच बरंचसं व्हे केसीनला जाऊन चिकटतं आणि पनीरमध्येच राहतं. ते पाणी कणीक भिजवायला वापरावं, त्यातून पावडरची आशा करू नये.) ही निवळ गाळून आणि सुकवून कारखान्यात पावडर होते. तिच्यातलं प्रोटीन ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतं, एकमेकांत गुंतून जाळी करतं, आणि जाळी आवळत गेली की धरलेलं पाणी बाहेर पिळून काढते. तव्यावर जास्त वेळ राहिलेल्या अंड्याचं पांढरं जसं आकसून चिवट होतं, तसंच हे. फरक इतकाच की अंड्याचं डोळ्याला दिसतं, आणि कुकीचं कोकोच्या रंगाखाली झाकून जातं.

म्हणून पहिलं पथ्य पावडरच्या प्रमाणाचं. कोको आणि व्हे धरून सगळ्या कोरड्या पिठांचं जे वजन होईल, त्याच्या एक तृतीयांशाहून कमीच व्हे ठेवावं. त्यापुढे गेलं की दुसरं कितीही सांभाळलं तरी कुकी हाताबाहेर जाते.

दुसरं पथ्य साखरेचं आहे आणि ते बहुतेकांना आवडत नाही. प्रोटीन वाढवायला निघालेला माणूस तेवढ्यावर थांबत नाही. तो साखरही काढतो, बटरही काढतो, आणि मग कुकी का बिघडली म्हणून पावडर बदलतो. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, कुकीला ट्रेवर पसरू देते, आणि साखर असली की अंड्याचं आणि व्हेचं प्रोटीन घट्ट व्हायला जरा जास्त तापमान लागतं, म्हणजे तेवढी सवड मिळते. स्टीव्हियाचे दोन थेंब गोडी देतील, पण त्यांना वजन नाही आणि ओल धरायची ताकद नाही. एरिथ्रिटॉल वजन देतं, पण गार झाल्यावर त्याचे पुन्हा खडे होतात आणि कुकी दाताखाली करकरते. साखर कमी जरूर करावी, शून्यावर आणू नये. माझ्या मते इथं गूळ पावडर किंवा ब्राउन शुगर सर्वांत बरी. दोन्हींत ओल धरण्याचा गुण पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त आहे, आणि गुळाची चव कोकोशी चांगली जमते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळं प्रोटीन एकाच डब्यातून आणायचा हट्ट कशाला? ते चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं आणलं, तर कुठल्याच एका पदार्थाचा दुर्गुण डोईजड होत नाही.

आपल्याकडे यातला हुकमी एक्का म्हणजे चिवड्यात घालतो ते डाळं. त्यात शेकडा वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन असतं, ते भाजलेलं असतं, मिक्सरमध्ये दोन फेऱ्यांत त्याचं पीठ होतं. बेसनातही प्रोटीन तेवढंच, पण बेसन कच्चं. कुकी ओव्हनमध्ये जेमतेम दहा मिनिटं असते, तेवढ्यात बेसनाचा कच्चा वास जात नाही. बेसनच वापरायचं तर लाडवासाठी भाजतो तसं आधी कोरडंच मंद आचेवर भाजून घ्यावं लागेल. डाळ्याला ग्लुटेन नाही, म्हणून त्याच्या जोडीला थोडी कणीक हवीच. ही जोडी पोषणाच्या दृष्टीनंही योग्य आहे. डाळीत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि गव्हात लायसीन, दोघं एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. पुरणपोळीत आपण हेच करतो, फक्त तिथं कुणी ग्रॅम मोजत नाही.

दुसरा आधार पीनट बटरचा. शेंगदाण्यात साधारण २५ टक्के प्रोटीन आणि जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे ते घातलं की बटर बरंच कमी करता येतं. साखर न घातलेलं घ्यावं. घरी करायचं तर भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवत राहायचं. आधी कूट होतं, मग गोळा, मग कडांनी तेल सुटतं आणि शेवटी ते सैल होऊन वाहू लागतं. गोळ्याच्या पायरीवर थांबू नये. तेवढ्यावर थांबलेलं कूट पिठातली ओल आपल्याकडे ओढतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूर्यफुलाच्या बियांचं बटर चालतं, पण बेकिंग सोड्याशी गाठ पडली की त्या बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे फिकट कुकी आतून हिरवी होते. खायला काही बाधत नाही, आणि चॉकलेटच्या कुकीत दिसतही नाही.

ज्यांना डब्यातली पावडर नकोच आहे, त्यांच्यासाठी सोया वड्या आहेत. तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या या वड्यांत शेकडा पन्नासच्या वर प्रोटीन असतं, आणि लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यात त्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. कोरड्याच मिक्सरमधून बारीक करून चाळून घ्यायच्या. मात्र हे पीठ पाणी फार पितं. ५० ग्रॅम घातलं तर दोन-तीन चमचे दूध जास्त लागेल, आणि सोयाचा वास दाबायला कोको थोडा वाढवावा लागेल.

व्हेचा डबा घेताना एक भागाकार करावा. एका स्कूपचं वजन ३० ग्रॅम आणि त्यात प्रोटीन २४ ग्रॅम, म्हणजे ८० टक्के, हे ठीक. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५ ग्रॅमच असेल, तर निम्मा पैसा साखर, स्टार्च आणि वासाला गेला. डब्यात गोडी आधीच घातलेली असेल, तर गूळ वीस-पंचवीस ग्रॅमनं कमी करावा.

कोकोबद्दल थोडंसं. बाजारात दोन प्रकार दिसतात. साधा कोको फिकट तांबूस आणि किंचित आंबट असतो. डच पद्धतीचा कोको अल्कलीनं प्रक्रिया केलेला, गडद आणि सौम्य. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन यांच्या कारखान्यातून आली. खाण्याच्या सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं, म्हणून नुसता सोडा वापरायचा तर साधा कोको योग्य. खालच्या कृतीत चक्का आणि गूळ असल्यामुळे सोड्याचं भागतं आणि दोन्ही कोको चालतात. चॉकलेट मात्र बघून घ्यावं. घटकांच्या यादीत कोको बटरऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल, तर ते कंपाउंड; वितळेल, पण जिभेवर मेणचट थर राहील. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून ते तोंडात विरघळतं. तयार चिप्सपेक्षा वडी सुरीनं कापून घातलेली बरी, तुकडे लहानमोठे झाले तर उत्तमच. चॉकलेट चिप कुकी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या टोल हाउस इन या खाणावळीत रूथ वेकफिल्ड यांनी केली, तेव्हाही चॉकलेटची वडी फोडूनच घातली होती. चिप्स पुढे आल्या.

आता मापं. सोळा कुकीज होतील. पीनट बटर १२० ग्रॅम, मऊ झालेलं बिनमिठाचं बटर ५०, गूळ पावडर ११०, एक अंडं, घट्ट चक्का ४०. कोरड्यात डाळ्याचं पीठ ८०, कणीक ४०, व्हे ६०, कोको ३०, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ. वरून ८० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. डिजिटल वजनकाटा नसेल तर या कुकीच्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन. वाटीच्या मापात डाळ्याचं पीठ दाबून भरलं की सैल, यावर वजन खूप बदलतं, आणि इथं वीस ग्रॅमचा फरकही चुकवावा लागतो. अंडं नको असेल तर एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून चिकट होऊ द्यावी आणि चक्का ६० ग्रॅम करावा. कुकी जरा ठिसूळ होते, पण होते.

बटर, पीनट बटर आणि गूळ आधी एकत्र फेटून घ्यायचं, मग अंडं आणि चक्का. कोरडं सगळं दुसऱ्या भांड्यात दोनदा चाळून घ्यायचं. व्हे आणि कोको दोघांनाही गुठळ्या करायची खोड आहे आणि एकदा ओलं लागल्यावर त्या फुटत नाहीत. कोरडं ओल्यात घातल्यावर बीटर बाजूला ठेवून उलथन्यानंच कालवायचं. व्हे फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा त्याला फेस येतो, आणि तो फेस कुकीला स्पंजासारखी जाळी पाडतो. पीठ चकलीच्या पिठाहून मऊ आणि हाताला थोडं चिकटणारं हवं. घट्ट वाटलं तर एकेक चमचा दूध. सैल वाटलं तर काहीच करू नका, भांडं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. डाळ्याचं पीठ, कोको आणि प्रोटीन सावकाश पाणी पितात. अर्ध्या तासानं तेच पीठ आपोआप गोळे वळण्याइतकं आळतं. पीठ सैल दिसलं म्हणून लगेच मूठभर कणीक टाकणं ही या कृतीतली सर्वांत हमखास फसगत आहे.

सोळा गोळे करून ते तळहातानं सव्वा सेंटिमीटर जाडीचे चपटे करायचे. साध्या कुकीचा गोळा ट्रेवर आपणहून पसरतो, हा पसरत नाही, कारण साखर आणि बटर कमी आहे आणि प्रोटीननं पाणी धरून ठेवलंय. जसा ठेवाल तसाच राहील.

भाजताना ओटीजी वरखाली दोन्ही रॉड चालू ठेवून १६५ ते १७० अंशांवर निदान दहा मिनिटं आधी तापवावा, ट्रे मधल्या कप्प्यात. कन्व्हेक्शन पंखा असेल तर १५० पुरे. घरगुती ओटीजीचं बटण सांगतं ते तापमान आत असेलच असं नाही, दहा-वीस अंशांची तफावत नेहमीची. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, बेकिंग वरचेवर करणाऱ्यानं तो घ्यावा. साध्या कुकीला १८० लागतात, इथं कमी का? एक कारण व्हेच्या आकसण्याचं, ते आधी आलंच. दुसरं असं की प्रोटीन आणि दुधातली साखर एकत्र तापली की ती लवकर तांबूस होतात आणि मग करपतात. फिकट कुकीत रंग बघून आपण सावध होतो. चॉकलेटच्या कुकीत रंगाचा इशारा मिळतच नाही, कारण ती पहिल्यापासून काळीच असते. म्हणून इथं डोळ्यापेक्षा बोटावर आणि घड्याळावर भिस्त. नवव्या मिनिटाला बघायचं: पृष्ठभागावरची चकाकी गेली असेल, कडेला बोट लावल्यावर ती टणक लागत असेल आणि मध्य अजून दबत असेल, तर काढा. मध्य टणक होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. दहा-अकरा मिनिटांच्या पुढे सहसा जायचं नाही.

बाहेर काढल्यावर ती कच्चीच वाटेल, उचलायला गेलं तर मोडेल. तिला गरम ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्यायचं. आतली उष्णता उरलेलं काम करते, आणि बटर व कोको बटर गार होताना पुन्हा घट्ट होऊन कुकीला बांधून घेतात. मग जाळीवर काढावी.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई. नॉनस्टिक नको, रिकामी तापवली तर तिचा थर खराब होतो. तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग छोट्या ताटलीत चार-पाच कुकीज ठेवायच्या आणि आच मंद करायची. वेळ पंधरा ते अठरा मिनिटांवर जातो. खालून जास्त उष्णता लागते म्हणून ताटलीवर बटर पेपर दुहेरी घालावा. चव तीच, वरचा पापुद्रा मात्र ओव्हनसारखा येत नाही.

आता हिशेब. पीनट बटरमधून ३० ग्रॅम प्रोटीन, व्हेमधून सुमारे ४६, डाळ्यातून १७, अंड्यातून ६, कोको आणि चॉकलेट मिळून १२, कणीक, चक्का आणि दूध मिळून आठ-नऊ. बेरीज १२० च्या आसपास. सोळा कुकीज म्हणजे एकीत साडेसात ग्रॅम. भाजल्यावर एकीचं वजन ४० ग्रॅमच्या थोडं पुढेमागे, म्हणजे शेकडा १८ ग्रॅमहून जास्त. नियमाच्या ११ च्या रेषेवर आपण आरामात आहोत. पण त्याच एका कुकीत १७५ ते १८० कॅलरीही आहेत. उकडलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं ते सत्तर-पंचाहत्तर कॅलरीत. तेव्हा वजन उतरवायला म्हणून ही कुकी खाण्यात अर्थ नाही. मुलाच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात, व्यायामानंतर, किंवा चहाबरोबर दोन बिस्किटं जाणारच आहेत तर त्यांच्या जागी एक, अशी तिची खरी जागा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

भाजल्यानं प्रोटीन ‘मरतं’ का, हा प्रश्न नेहमी येतो. उष्णतेनं प्रोटीनची घडी मोडते, पण त्यातली अमिनो आम्लं जागेवर राहतात. पोटात गेल्यावर शरीर ती घडी मोडणारच असतं. तांबूस होण्याच्या क्रियेत थोडं लायसीन खर्ची पडतं, तेही दहा मिनिटांत फारसं नाही. उलट कच्च्या पिठाचा गोळा चाखू नये, त्यात कच्चं अंडं आणि कच्ची कणीक दोन्ही आहेत.

प्रोटीनचे पदार्थ ठेवल्या ठेवल्या घट्ट होत जातात, कारण प्रोटीन आसपासची ओल हळूहळू स्वतःकडे ओढत राहतं. बाजारातले प्रोटीन बारही त्यामुळेच जुने झाले की चावत नाहीत. या कुकीज हवाबंद डब्यात तीन दिवस चांगल्या राहतात. चौथ्या दिवशी कडक लागल्या तर मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद पुरतात. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे सगळ्या एकदम भाजू नयेत. चपटे केलेले गोळे ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यावे आणि मग पिशवीत भरून ठेवावे. महिनाभर टिकतात. हवे तेवढेच काढून, न वितळवता, गरम ओव्हनमध्ये टाकावे आणि वेळ दोन मिनिटं वाढवावा.